पाळकाने स्वतःसाठी केव्हा वाचावे?

प्रश्न (एक पाळक म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, सोलापूर):
प्रभूच्या नावात सलाम. माझी मंडळी (चर्च) यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आहे. रात्रपाळी सुटली की पहाटेच दार वाजते आणि पुढे आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी व कमिटीच्या सभा यांत दिवस सरतो. शनिवारी रात्री जे वाचतो ते केवळ उपदेशासाठी असते, याची मला खंत वाटते.

उत्तर (निवृत्त पाळक):
येशूच्या प्रेषितांनी पंक्तिसेवेसाठी, म्हणजे अन्नवाटपासाठी, सात जण निवडले, ते प्रार्थना व वचनसेवा (देवाचे वचन शिकवणे) सुटू नये म्हणूनच (बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). तेव्हा सभा मंडळीच्या पंचांकडे सोपवाव्यात. मी रोज बायबलमधील पाच स्तोत्रे वाचत असे, म्हणजे १५० स्तोत्रे तीस दिवसांत होत; ज्या ओळीशी मन थांबे तिथे पुस्तक उघडेच ठेवून एखाद्या आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करीत असे. वाचन आणि प्रार्थना वेगळी केली तेव्हा माझी दोन्ही कोरडी पडली.

उत्तर (मंडळीतील एक भगिनी):
पाळकसाहेब, प्रेषित पौलाने कैदेतूनही आपला सहकारी तीमथ्य याच्याकडे झग्याबरोबर पुस्तके व चर्मपत्रे मागितली होती. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनचा पसारा सांभाळून बायबलचे मराठी भाषांतर केले. सकाळचा एक तास ठरवून रविवारी जाहीर करा. तेवढा वेळ आम्ही दार वाजवणार नाही.