मदत हवी आहे: वय ५४, एकटी, हंपीला हॉस्टेलमध्ये राहावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सांगलीची. जानेवारीत चार दिवस हंपीला जायचंय, एकटीनं. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ सगळेच बघतात, मला त्याच आवारातला विठ्ठल मंदिराचा रिकामा गाभारा बघायचाय. कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन आले, ही गोष्ट आजीनं इतक्यांदा सांगितलीय की ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची राहिलीय. (कथा खरी की दंतकथा यावर कृपया इथे वाद नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.)

गाडी अडलीय ती राहण्यापाशी. गेल्या वर्षी एका देवस्थानच्या भक्तनिवासात रात्री साडेनऊला पोचले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सोबत कोण?" कोणी नाही म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत म्हणे. स्टँडजवळच्या दोन लॉजवर तेच. शेवटी तिथल्याच मोठ्या हॉलमध्ये सतरंजी टाकली. शेजारी परभणीकडच्या सहा बायका होत्या. त्यांनी दशम्या दिल्या, मध्यरात्रीपर्यंत गप्पा झाल्या आणि झोप अशी लागली की घरीही लागत नाही. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, ह्यालाच आम्ही डॉर्म म्हणतो. फक्त पलंग दुमजली असतात."

तेव्हापासून पर्यटकांच्या हॉस्टेलमधल्या डॉर्मचं डोक्यात आहे. पण फोटोंत सगळी विशी-पंचविशीची मुलं दिसतात. माझ्या वयाच्या बाईला घेतात का? घेतलं तरी खोलीतल्या पोरींना "कुणाची तरी आई आली" असं होणार नाही ना? सामानाचं काय, बाथरूमचं काय, आणि सांगलीहून जायचं कसं? आणखी एक शंका आहे, ती नंतर विचारेन.

डोंगरवाट

ताई, आधी फोन करा, मगच बुकिंग. काही हॉस्टेलांत डॉर्मला वयाची अट असते. ती साइटवर नियमांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि पैसे भरल्यावर दिसते. फोनवर बोललं की बरेचदा सूटही मिळते. आधार कार्ड किंवा वाहन परवाना न्या. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. त्याच गावचा पत्ता असलेल्यांना पुष्कळ हॉस्टेलं घेतच नाहीत, पण सांगलीकरांना हंपीत ती अडचण नाही.

फक्त बायकांचा डॉर्म मागा. चार ते सहा पलंगांचा असेल तर उत्तम.

शंकासुर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. या वयात दुमजली पलंग आणि सामायिक संडास हा हौसेचा अतिरेक आहे. कमलापूरला कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी आहे. तिथे खोली घ्या, दार लावा, निवांत झोपा. विठ्ठल मंदिरही तिथून जवळ.

कृष्णाकाठ

शंकासुर, राग कसला. पण दार लावून निवांत झोपायची सोय घरी आहे. तीन वर्षं तेच करतेय.

हुबळीकर_सध्या_पुण्यात

ताई, जायचं सोपं आहे. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरजेवरून जाते: बेळगाव, हुबळी, गदग करत होसपेट, म्हणजे हंपीचं जवळचं स्टेशन. बदलाबदली नाही. तिकिटावर होसपेटचं नाव होसपेटे असं दिसेल. पण ती पोचते रात्री, आणि इथेच लोक फसतात.

हंपीची हॉस्टेलं म्हणून जी दिसतात त्यातली पुष्कळशी हंपीत नाहीतच. ती तुंगभद्रेच्या पलीकडे, सणापूर-आनेगुंदीकडे आहेत. जिल्हासुद्धा वेगळा, कोप्पळ. पूर्वी विरुपाक्ष मंदिरासमोरच्या काठावर विरुपापूर गड्डी नावाचं बेट होतं, सगळे पाठपिशवीवाले तिथे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली बांधकामं पाडली आणि वस्ती पुढे सणापूरला सरकली. नकाशावर विठ्ठल मंदिर समोर हाकेवर दिसतं, पण मध्ये नदी. बोट संध्याकाळी बंद होते, धरणातून पाणी सोडलं की दिवसाही बंद. मग पुलावरून वळसा.

म्हणून पहिली रात्र होसपेट स्टेशनजवळच काढा, खोली आधी बुक करून. त्यांनाही फोनवर "मी एकटी आहे" हे सांगून ठेवा. सकाळी हंपी, फक्त १३ किलोमीटर. स्कूटर चालवता का? सणापूरला भाड्यानं मिळते.

कृष्णाकाठ

सांगलीत तीस वर्षं चालवतेय, तेही मार्केट यार्डाच्या रस्त्यानं. हंपी काय चीज आहे!

निवडुंग

भीती घालायची नाही, पण लपवूही नये. मार्च २०२५ मध्ये सणापूरजवळ कालव्याकाठी रात्री तारे बघत बसलेल्या पाच जणांवर हल्ला झाला होता. दोघींवर अत्याचार झाले, एका पर्यटकाचा कालव्यात बुडून जीव गेला. ते एकटे नव्हते, गट होता. तेव्हा दिवसा कुठेही बिनधास्त हिंडा, पण अंधार पडल्यावर तळं, कालवा, खडक यांकडे जायचं नाही, बरोबरची मुलं कितीही "चला ना आंटी" म्हणाली तरी. सूर्यास्त बघायला गेलात तर परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.

मिठाची_बरणी

मी गोकर्णच्या एका हॉस्टेलमध्ये दोन महिने राहून-खाऊन काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या आतून सांगते.

काकू (चालेल ना?), वयाचं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे साठीच्या एक बाई आल्या होत्या, कोचीच्या. दुसऱ्या दिवशी अख्खा डॉर्म त्यांच्याकडून मासे कसे निवडायचे ते शिकायला बाजारात गेला. खोलीत कुणाला आई वगैरे वाटत नाही. चिडतात ते वेगळ्याच गोष्टींवर. एक नंबर, पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्यांची कुरकुर. आपल्या बायकांना प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची सवय असते आणि त्या शांततेत तो आवाज फटाक्यासारखा वाटतो. कापडी पिशव्या न्या. दोन, मोठा दिवा लावणं. पलंगाशी छोटा दिवा असतो, तोच वापरायचा. सकाळी लवकर निघायचं असेल तर कपडे रात्रीच काढून ठेवा.

खालचा पलंग बुकिंगच्या वेळीच मागून घ्या, आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. वरच्याची शिडी म्हणजे गोल लोखंडी दांडे. मध्यरात्री अनवाणी उतरताना माझेच तळवे दुखायचे, तुमच्या गुडघ्यांचं काय सांगू. लॉकर असतो पण कुलूप आपलं, आणि त्याची कडी बारीक हवी, घरचं जाड कुलूप त्यात जात नाही. लॉकरमध्ये मोठी बॅग मावेलच असं नाही. पैसे-दागिने-औषधं तेवढी आत. मुळात दागिने आणूच नका. पलंगाला पडदा नसेल तर ओढणी खोचून पडदा करायचा, सगळ्या करतात. बाथरूमला आठच्या आधी जा, नऊनंतर रांग.

पार्टीचं हॉस्टेल आहे का, हे ओळखायला फोटो बघू नका, अभिप्राय वाचा. "व्हाइब भारी" असं दहा जणांनी लिहिलं असेल तर रात्री दोनपर्यंत गिटार आहे असं समजा.

डोंगरवाट

व्हाइबचं अगदी खरं 😀

हुबळीकर_सध्या_पुण्यात

एक राहिलं. विठ्ठल मंदिराला बॅटरीची गाडी जाते, पण परत येताना तरी नदीकाठच्या वाटेनं हंपी बाजारापर्यंत चाला. दोनेक किलोमीटर. सुरुवातीलाच विठ्ठलभक्त कन्नड संतकवी पुरंदरदासांचा मंडप लागतो, पाणी चढलं की तो नदीत उभा असतो. गाभारा बघून आलेल्या माणसानं तिथे पाच मिनिटं बसावं. अंजनाद्रीच्या (हनुमानाचं जन्मस्थान मानतात ती टेकडी) पावणेसहाशे पायऱ्या मात्र गुडघ्यांना विचारून.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ती राहिलेली शंका. लिहायला लाज वाटतेय, पण इथे मला कोण ओळखतंय.

मी घोरते. बऱ्यापैकी. परभणीच्या बायका काही बोलल्या नाहीत, पण त्या स्वतःही घोरत होत्या.

मिठाची_बरणी

काकू, डॉर्ममध्ये दर रात्री कोणीतरी घोरतंच. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना हसत सांगून टाका, अर्धा राग तिथेच जातो. औषधाच्या दुकानातून कानात घालायचे बोळे घ्या, चार-पाच जोड्या. स्वतःसाठी नाही, वाटायला.

शंकासुर

माझी बायको म्हणतेय की तिलाही जायचंय. आणि मी नको.

कृष्णाकाठ

शंकासुर, वहिनींना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा.

बाकीच्यांसाठी ताजी खबर: आज दुपारी फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी, कन्नड वळणाचं हिंदी. वय सांगितलं, तर म्हणाली चालेल, मॅम. मग तिनंही विचारलंच, "सोबत कोण आहे?" पोटात गोळाच आला. म्हटलं, कोणी नाही, एकटीच.

"ठीक. मग एकच बेड ना?"

खालचा मिळालाय, दोन रात्री. त्यानंतरची रात्र नदीच्या अलीकडे, हंपी गावातल्या एका घरगुती गेस्टहाउसात, म्हणजे विठ्ठल मंदिराला सकाळी दार उघडताच जाता येईल. हरिप्रियाचं तिकीट काढलं, होसपेटची खोलीही सांगून ठेवली. आता बारीक कडीचं कुलूप सांगलीत कुठे मिळेल? गणपती पेठेतल्या दोन दुकानांत दाखवली ती सगळी शटरची होती.