बिट्स गोव्याची अ‍ॅडमिशन स्वच्छ आहे, पण फीचं काय?

नाशिककर_आई
मुलगी बारावीला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), आणि घरात सध्या बिट्स गोवा (बिट्स पिलानी या खाजगी अभिमत विद्यापीठाचा गोव्यातला कॅम्पस) हा एकच विषय चालू आहे. फी स्ट्रक्चर, कटऑफ, स्कॉलरशिपचे नियम सगळं वाचून काढलं आणि माझं स्पष्ट मत झालंय, ते मांडते, पटत नसेल तर खोडून काढा.

आधी चांगलं ते. बिटसॅट ही त्यांची स्वतःची ऑनलाइन परीक्षा, तीन तास, 130 प्रश्न, 390 मार्क, बरोबर उत्तराला 3 आणि चुकलं की 1 वजा. बोर्डात पीसीएमला एकूण 75 टक्के आणि प्रत्येक विषयात निदान 60 लागतात पण ती नुसती पात्रता, लिस्ट लागते ती बिटसॅटच्या मार्कांवरच (बोर्डात पहिल्या आलेल्यांना थेट प्रवेश असतो तेवढा सोडून). मॅनेजमेंट कोटा नाही, डोनेशन नाही. आपल्याकडे खाजगी म्हटलं की मागच्या दाराने किती लाख हाच पहिला प्रश्न असतो, तो इथे विचारावाच लागत नाही, याचं मला खरंच कौतुक आहे.

पण फी बघा. नुसती ट्यूशन वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास, त्यात हॉस्टेल, मेस, जाणंयेणं, लॅपटॉप धरला की चार वर्षांचे 28-30 लाख धरून चालायचं. आणि इकडे राज्यात 2024 च्या जुलैमधल्या जीआरप्रमाणे 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण अभिमत आणि खाजगी विद्यापीठं त्यातून वगळलीत. म्हणजे तीच मुलगी, तेच घर, एकीकडे ट्यूशन शून्य आणि दुसरीकडे वर्षाला साडेपाच लाख.

आता कोणीतरी म्हणेल स्कॉलरशिप आहे की. आहे, मेरिट-कम-नीड म्हणून आहे, पण ती ठरते अ‍ॅडमिशन घेतल्यावर, घरचं उत्पन्न आणि मुलीचा सीजीपीए (कॉलेजातल्या मार्कांची सरासरी) बघून. सीट घ्यायची की सोडायची हे ठरवायच्या दिवशी आपल्या हातात फक्त पूर्ण फीचा आकडा असतो आणि तो बघूनच कित्येक घरं फॉर्मसुद्धा भरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की तुला किती माफी मिळणार हे सीट घेण्याआधी लेखी कळायला हवं.

झुआरीनगर_2015
काकू, मी त्याच कॅम्पसमधून बाहेर पडलोय, वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे पैशाचं मला शिकवू नका असं नाही म्हणणार पण हा हिशोब आम्ही पण घरी बसून केलेला आहे. सरकारी अनुदानावर न चालणारी संस्था जर डोनेशन घेणार नसेल तर पैसा फीमधूनच येणार ना? फी कमी करा आणि मागचं दार पण बंद ठेवा, दोन्ही कसं होणार ते सांगा.

आणि नुसती फी बघू नका, तिथे काय मिळतं ते बघा. अटेंडन्सची सक्ती नाही. प्रॅक्टिस स्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला अख्खं सेमिस्टर कंपनीत काम करता येतं. ड्युअल डिग्री (एकत्र दोन पदव्या) असेल तर एमएस्सी फिजिक्सला आत आलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर कॉम्प्युटर सायन्स पण मिळवू शकतो, म्हणजे बारावीच्या एका परीक्षेत थोडं कमी पडलं म्हणून सगळं संपलं असं होत नाही. हॉस्टेलला माझ्या विंगमध्ये अशी मुलं होती. स्कॉलरशिप आधी सांगा म्हणताय पण पुढच्या वर्षांची माफी सीजीपीएवर ठरते, आणि सीजीपीए यायच्या आधी ती कशी सांगणार?

हप्तेवाला
बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलावर बसतो म्हणून लिहितोय. लोक येतात आणि सांगतात 25 लाख घेऊ, दहा वर्षं, दहा टक्के, हप्ता 33 हजार, मुलगा भरेल. हा हिशोब अर्धा आहे. कोर्स चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, दर सेमिस्टरला उचललेल्या रकमेवर. साध्या व्याजानेसुद्धा ते आठ लाखांच्या आसपास होतं, ते मुद्दलात मिळवलं की हप्ता 33 नाही, 43 हजारांच्या पुढे जातो. पहिल्या नोकरीत पुणे-बंगळुरूचं भाडं देऊन 43 हजार काढणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून शक्य असेल त्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज तरी भरत राहावं, फार फरक पडतो.

पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना बघा नक्की. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी सरकारी स्कॉलरशिप नसेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे, पण ती वर्षाला एक लाखच मुलांना आणि प्राधान्य सरकारी संस्थेतल्यांना, त्यामुळे खाजगीत शिकणाऱ्याने ती मिळणारच असं धरून कर्ज घेऊ नये.

व्हीजेटीआयवाली
मी बिट्स गोवा आणि व्हीजेटीआय दोन्हीकडे लागले होते आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय निवडलं, वर्षाची फी लाखाच्या आत, घरून लोकलने जायचे. कॅम्पस लहान आहे, गोव्यासारखं काही नाही. पण डोक्यावर कर्ज नव्हतं म्हणून मी पहिली नोकरी सोडून एमटेकची तयारी करू शकले. झुआरी, तुमचं सगळं मान्य आहे पण 43 हजारांचा हप्ता असता तर मला ती नोकरी सोडता आली असती का?

ज्युनिअर_कॉलेज_सांगली
इथे सगळे फीवर बोलतायत, मी त्याच्या आधीचं बोलतो, अकरावी-बारावीला गणित शिकवतो मी. परीक्षा स्वच्छ आहे असं तुम्ही सगळे म्हणताय, पण बिटसॅटमध्ये 130 पैकी 30 प्रश्न इंग्रजी आणि लॉजिकल रिझनिंगचे असतात आणि पेपर इंग्रजीतच. जतचा मराठी शाळेतून आलेला मुलगा गणितात कितीही तेज असला तरी तिथे अडतो. आरक्षण नाही. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत आरक्षण आणायची मुभा सरकारला दिली, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये ती उचलूनही धरली, पण देशपातळीवरचा कायदा आजवर झालाच नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या शिक्षणविषयक समितीने हा कायदा करा असं सांगितलं, त्यात बिट्सचे आकडे आहेत, एससी आणि एसटी मुलं प्रत्येकी एक टक्क्याच्याही खाली. डोनेशन नाही हे चांगलंच आहे, पण डोनेशन नाही म्हणजे न्याय झाला, हे मी वर्गातल्या मुलांच्या तोंडाकडे बघून म्हणू शकत नाही.

झुआरीनगर_2015
सर, आरक्षणावर माझं मत वेगळं आहे आणि ते मी लपवणार नाही. देशात मोठी संस्था अशी एखादी तरी असावी जिथे फक्त मार्क बघतात, कारण कंडक्टरच्या मुलाला पण तेवढंच विचारलं आणि बिल्डरच्या मुलाला पण तेवढंच. इंग्रजीचा मुद्दा मात्र खरा आहे, पेपर मराठीतून द्यायची सोय झाली तर मी पहिला टाळ्या वाजवीन, जेईई मेन मराठीत देता येते 2021 पासून, मग ही का नाही.

ज्युनिअर_कॉलेज_सांगली
दोघांना तेवढंच विचारलं, पण दोघांनी क्लासला भरलेले पैसे तेवढेच होते का? दोन वर्षांच्या इंटिग्रेटेड क्लासला आमच्याकडे लाखांत फी आहे. तुम्ही त्यातून वर आलात याचा मला अभिमानच वाटतो, पण तुमच्यासारखे माझ्या वर्गात अजून आहेत आणि ते फॉर्मच भरत नाहीत.

नाशिककर_आई
सर, फॉर्मच भरत नाहीत हाच माझा मुद्दा आहे. झुआरी, सीजीपीए आधी कसा सांगणार या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्याकडे. गरजेचा भाग आणि मार्कांचा भाग वेगळा करा. गरज तर इन्कम टॅक्स रिटर्न बघून पहिल्याच दिवशी कळते. अमेरिकेत 2011 पासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो, उत्पन्न टाकलं की साधारण किती पडेल ते दिसतं, आणि एमआयटीसारख्या ठिकाणी मदत फक्त गरजेवर देतात, मार्कांवर नाही. तिथली छापील फी आपल्या कितीतरी पट आहे पण घराला आपला आकडा तरी कळतो. तेवढं एक पान बिट्सला करता येणार नाही असं मला वाटत नाही, पैसे वाटायची पद्धत त्यांच्याकडे आहेच, फक्त ती आधी दाखवायची आहे.

आम्ही बिटसॅट आणि राज्याची एमएचटी-सीईटी दोन्ही भरतोय. गोव्याला लागली आणि माफी आधी कळली नाही तर सीईटीवरून पुण्यातलं कॉलेज, हे मुलीशी बोलून ठरलंय, ती नाराज आहे पण तिनेच हप्तेवाल्यांचा हिशोब वहीत परत करून बघितला.

हप्तेवाला
ताई, पुणे ठरलं तरी हॉस्टेलचा खर्च वेगळा काढा, फी माफ असली तरी खोली आणि मेसचे पैसे घरूनच जातात आणि त्यासाठी पण लोक कर्ज काढायला येतात माझ्याकडे.