मदत हवी आहे: मुलाला जी-सिक्स-पीडीची कमतरता निघाली, प्रायमाक्वीन थांबवलंय

नमस्कार. आम्ही ताळगावला राहतो. थोरल्याला (वय 14) गेल्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. रक्तात व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. त्यानंतर 14 दिवस प्रायमाक्वीन द्यायचं होतं, पण डॉक्टरांनी आधी जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम तपासायला लावलं आणि रिपोर्टमध्ये कमतरता आली.

शेजारी बांधकाम चालू आहे, स्लॅबवर पाणी कोंडून ठेवलेलं आमच्या गॅलरीतून दिसतं. डास कुठून आले ते कळतं. पण जाऊबाई म्हणतात, ही कमतरता असली की मलेरिया होत नाही. मग याला झाला कसा? रिपोर्ट चुकला असेल का? आणि प्रायमाक्वीन दिलंच नाही तर ताप परत येईल ना?

आणखी एक. हे मुलाला आईकडून येतं म्हणतात. म्हणजे माझ्याकडून. माझा भाऊ जन्मला तेव्हा त्याला जबर कावीळ झाली होती, आई अजून सांगते. त्यालाही तपासायला सांगू का? दोन रात्री डोक्यात हेच चाललंय.

प्रतिसाद:
ताई, मी लॅबमध्ये काम करते. जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. हे एन्झाइम कमी असलं की तांबडी पेशी ऑक्सिडेशनचा ताण सोसू शकत नाही. परजीवी शिरलेली पेशी लवकर खराब होते आणि शरीर ती काढून टाकतं. पण हा फायदा मुख्यतः फाल्सिपेरम या मलेरियाच्या जास्त घातक जातीच्या गंभीर आजारात दिसतो, तोही सगळ्यांना सारखा नाही. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचंही असंच. एकाच पालकाकडून जनुक आलेल्यांना फाल्सिपेरमपासून बरंच संरक्षण मिळतं, हे शास्त्रज्ञ अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. पण लागण त्यांनाही होते. व्हायवॅक्सला पेशीत शिरायला डफी नावाचं प्रथिन लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसतं, आपल्याकडे बहुतेकांच्या असतं. तेव्हा मुलाला मलेरिया झाला म्हणून रिपोर्ट चुकला असं नाही.

ताप परत येऊ शकतो, कारण व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि तिथून त्याला काढणारं नेहमीचं औषध प्रायमाक्वीन. कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, म्हणून त्यांना ते रोज न देता आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत हा पर्याय आहे. मात्र डोस वजनावर ठरतो आणि हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टरांनाच विचारा, मनाने एकही गोळी देऊ नका. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. कपाटातल्या डांबर गोळ्या आजच काढा, त्यांनीही रक्तपेशी फुटतात.

भावाला जरूर सांगा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, तुमचं त्याचं ते एकाच आईकडून आलेलं असू शकतं. बाळाची कावीळ इतर कारणांनीही होते, पण तपासणी एका रक्ताच्या नमुन्याची आहे. धाकटी मुलगी असेल तर तिचीही करा, आणि एन्झाइम किती आहे ते मोजणारीच करा. मुलींच्यात मधली पातळी साध्या चाचणीत निसटते.

धागाकर्ती:
मनापासून आभार. डांबर गोळ्या काढल्या. भाऊ वास्कोला असतो, सोमवारी रक्त देतोय. आठवड्याच्या डोसचं उद्या डॉक्टरांना विचारते आणि इथेच कळवते.