वजन जास्त असल्यामुळे थायरॉइडचा कॅन्सर होतो का? आई ६८ वर्षांची आहे

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी, आई ६८ ची, उंची पाच फूट एक, वजन ८४ किलो, शुगर प्रेशर दोन्ही आहे. मान दुखते म्हणून एमआरआय काढला तर त्यात थायरॉइडच्या उजव्या बाजूला गाठ दिसली, मानेची सोनोग्राफी करा असं रिपोर्टात लिहिलंय. थायरॉइडची रक्ताची तपासणी (टीएसएच) नॉर्मल आली त्यामुळे मामा म्हणतो काही नाही, सोडून द्या. इकडे बहिणीने मोबाईलवर वाचलं की जाड माणसांना थायरॉइडचा कॅन्सर होतो आणि तेव्हापासून आईच्या ताटातला भात काढला, आमटीतला नारळसुद्धा काढला, आणि आई आपली रडत बसलीय की माझ्या जाडेपणामुळेच हे झालं. खरंच संबंध आहे का? आणि आता आम्ही नेमकं काय करायचं?

उसगांवची_परिचारिका:
दादा, आधी आईंचं रडणं थांबवा, कारण अजून कॅन्सर आहे असं कोणीच म्हटलेलं नाही. या वयात थायरॉइडमध्ये गाठी खूप बायकांना असतात, ढोबळ मानाने शंभरात नव्वद साध्याच निघतात. पण मामांचं ऐकून सोडूही नका. टीएसएच म्हणजे ग्रंथी काम किती करते ते, गाठ कसली आहे ते त्यात कळत नाही, कॅन्सर असलेल्या बऱ्याच पेशंटचं टीएसएच अगदी नॉर्मल असतं. सोनोग्राफीत गाठीचा आकार, कडा, आत बारीक कॅल्शियमचे ठिपके आहेत का हे बघतात आणि त्यावरून सुई घालून गाठीतल्या पेशी तपासायच्या की नाही ते ठरतं. फार संशयास्पद दिसली तर एक सेंटीमीटरपासून सुई घालतात, साधी दिसली तर अडीच सेंटीमीटरपर्यंतही थांबतात. जाड मानेत गाठ हाताला लवकर लागत नाही, लागली तरी माणसं चरबी म्हणून सोडून देतात, त्यामुळे आईंची एमआरआयमध्ये दिसली ते बरंच झालं म्हणा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला ईएनटीच्या ओपीडीत दाखवा, जुने रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी घेऊन जा.

म्हापसेकर_बायोस्टॅट:
संबंध आहे, पण किती आहे ते बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले त्यात थायरॉइड आहे. मग २०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, सुरुवातीला ५० ते ७१ वयाच्या साडेचार लाखांवर लोकांचा. त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर असलेल्यांना पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडचा सगळ्यात कॉमन कॅन्सर, होण्याची शक्यता साधारण ३०% जास्त निघाली, आणि या कॅन्सरच्या चार सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठीची तर पाचपटीच्या आसपास. मला हा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण जाड माणसं डॉक्टरकडे जास्त जातात म्हणून गाठी जास्त सापडतात असं कोणी म्हणालं तर मोठ्या गाठींचं उत्तर त्याच्याकडे नसतं. त्याच अभ्यासात ६० च्या वरच्या अमेरिकनांमधल्या पॅपिलरीतल्या साधारण सहातल्या एकाचं कारण जास्त वजन असावं असा हिशोब आहे, म्हणजे बाकीच्या पाचांचं कारण वजन नाही. आणि मुळात हा आजार कमी लोकांना होतो, थोड्याचे ३०% म्हणजे थोडेच. कारण काय म्हणाल तर इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते), चरबीतून बनणारं इस्ट्रोजेन, लेप्टिन हे चरबीतलंच हार्मोन, कायमची सूज अशी नावं घेतात, पण नक्की कुठलं ते पक्कं झालेलं नाही. एका पेशंटकडे बोट दाखवून हिचं वजनामुळेच झालं असं कोणी म्हणू शकत नाही, हे आईंना आवर्जून सांगा.

अंत्रुजकर:
दोघांनाही देव बरें करूं. आता बहीण म्हणते की वजन तर घरात सगळ्यांचंच जास्त, तर सगळ्यांचीच सोनोग्राफी करून टाकूया.

म्हापसेकर_बायोस्टॅट:
नको. दक्षिण कोरियात हेच झालं, त्रास नसलेल्यांच्या माना तपासत सुटले आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे आकडे पंधरापट झाले, मरणारे मात्र तेवढेच राहिले, म्हणजे नुसती ऑपरेशनं आणि जन्मभराच्या गोळ्या. गाठ हाताला लागली, आवाज बसलेला राहिला, गिळताना अडकतंय, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं किंवा घरात कोणाला हा कॅन्सर झालेला, तर जरूर दाखवा.

डिचोलीकर_६१:
वजन कमी करायची इंजेक्शनं आता सगळीकडे चाललीत, ती घेतली तर थायरॉइडला कॅन्सर होतो असं ऐकतो, खरं का?

उसगांवची_परिचारिका:
काका, ती भीती मेड्युलरी नावाच्या वेगळ्या आणि दुर्मिळ प्रकाराची आहे, उंदरांवरच्या प्रयोगात दिसलेली, माणसांत सिद्ध झालेली नाही. तरी घरात कोणाला मेड्युलरी झाला असेल तर ती इंजेक्शनं देत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि अंत्रुजकर, आईंचा भात एकदम बंद करू नका हो, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर यायची. भात अर्धा करा, बांगडा तळण्याऐवजी हुमण (माशाची आमटी) करा, संध्याकाळी शेजारणीबरोबर देवळापर्यंत चालू दे. वजन शुगर, गुडघे, हार्टसाठी कमी करायचंच आहे, गाठीची शिक्षा म्हणून नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईच्या आधी तेवढं विसरू नका सांगायला, आणि ती स्वतःहून बंदही करू नका.