शेतीवरचं संशोधन खरंच शेतापर्यंत पोचतं का? मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे

डोंबिवलीची_आई:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी बॉटनीत एमेस्सी झाली, तिला हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये, म्हणजे कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, बाजरीच्या प्रोजेक्टवर दोन वर्षांचं काम मिळतंय. पगार बेताचा. इकडे अंधेरीच्या एका फार्मा कंपनीची ऑफर आहे जवळजवळ दुप्पट, पण ती म्हणते आई मला बाजरीच करायचीय. घरात रोज त्यावरनं वाद. तिचे बाबा म्हणतात गरीब देशांतल्या शेतकऱ्यांच्या नावाने पैसा येतो, पेपर निघतात आणि शेतात जे होतं तेच राहतं. सासूबाई मात्र तिच्या बाजूने, त्यांनी ७२ च्या दुष्काळात लालबागला रेशनच्या रांगेत उभं राहून मिलो आणलाय, त्या लाल ज्वारीची भाकरी धड थापता यायची नाही म्हणतात, दुसऱ्या देशाच्या बोटीकडे डोळे लावून बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, जाऊ दे पोरीला. मला खरंच समजून घ्यायचंय, कुणी शेतीतलं असेल तर सांगा.

भातवाला_ठाणे:
ताई, माझं आयुष्य भाताच्या बियाण्यात गेलं, आता रिटायर आहे. एकच उदाहरण देतो पण नीट देतो.

ओडिशा, बंगाल, पूर्व यूपी या भागात स्वर्णा नावाचं भात खूप लावतात, आंध्रातल्या मारुटेरूचं वाण. उत्पन्न चांगलं, लोकांच्या तोंडात बसलेलं, पण आठवडाभर पुराच्या पाण्याखाली राहिलं की संपलं. आता ओडिशाचंच एक जुनं गावठी भात आहे, एफआर१३ए, ते पाण्याखाली दोन आठवडे तग धरतं. साधं रोप बुडालं की वर यायला धडपडतं, उंच वाढतं, त्यातच साठवलेली साखर संपवतं आणि पाणी ओसरल्यावर आडवं होतं. हे गावठी भात उलट वाढ थांबवून गप्प बसतं आणि पाणी गेलं की परत फुटतं. हा गुण माहीत होता कित्येक वर्षं, त्यावरून आधी वाणंही काढली, पण ती उत्पन्नाला आणि खायला स्वर्णासारखी नव्हती म्हणून शेतकऱ्यांनी घेतली नाहीत. तुमचे मिस्टर म्हणतात ना तसंच झालं, शेतात जे होतं तेच राहिलं.

मग फिलिपाइन्सच्या इरी या भात संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या लोकांनी मिळून हा गुण देणारा जीन नेमका शोधला, २००६ मध्ये ते छापून आलं, आणि मार्कर म्हणजे डीएनएवरच्या खुणा बघत बघत तेवढाच तुकडा स्वर्णात आणला, बाकी स्वर्णा जशीच्या तशी. २००९ ला स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झालं आणि लोकांनी ते घेतलं, कारण चव, दाणा, खर्च सगळं ओळखीचं. पुढे ओडिशातल्या एका अभ्यासात दिसलं की पाणी तुंबणारी सखल जमीन जास्त करून अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांकडे आहे, म्हणजे या बियाण्याचा फायदा ज्यांच्या वाट्याला वाईट जमीन आली त्यांनाच जास्त. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, आजही वाटतं.

खारेपाटातला:
मी पेण तालुक्यातला, नोकरी मुंबईत. आमच्याकडे उधाणाला बांधाला खांड पडली की खाडीचं पाणी खाचरात शिरतं, मग त्या जमिनीत साधं भात पिवळं पडून जातं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने यासाठीच पनवेल १, २, ३ ही खाऱ्या जमिनीत टिकणारी भाताची वाणं काढली. भात चांगलं येतं, स्वतः बघितलंय. पण मी ताईंच्या मिस्टरांनाही चूक म्हणणार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी वडील बियाण्यासाठी एका सरकारी ऑफिसात तीन चकरा मारून आले, बी आलं तोपर्यंत बाकीच्यांची पेरणी उरकून रोपं वीतभर झाली होती. संशोधन झालं, बांध दुरुस्त नाही आणि बी वेळेवर नाही तर करायचं काय शेतकऱ्याने? मुलीला सांगा की बी कोण बनवणार, कुठे विकणार हे पहिल्या दिवसापासून विचारत राहा.

वाशी_फळबाजार:
सगळंच बी नसतं हो. पपईवर तो पांढरा पिठ्या ढेकूण आला होता, तामिळनाडूत २००८ ला दिसला मग आपल्याकडे पुण्यापर्यंत, बागाच्या बागा गेल्या, फवारून फवारून लोक थकले. २०१० मध्ये बंगळुरूच्या केंद्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून त्या किडीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि कीड आटोक्यात आली, शेतकऱ्याला त्या विकत घ्याव्या लागल्या नाहीत. आफ्रिकेत कसाव्यावर, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या पिकावर, हेच आधी झालेलं, तिथे पॅराग्वेतली माशी नेली होती, ते काम करणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५ चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

बाजरीची_भाकरी:
अहो ताई, बाजरीच आहे म्हटल्यावर राहवलं नाही. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून धनशक्ती नावाची जास्त लोहाची बाजरी काढली, महाराष्ट्रात २०१२ ला आली. ती संकरित नाही, म्हणजे शेतकरी स्वतःचं बी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो, खारेपाटातल्या दादांची अडचण इथे निदान थोडी कमी होते. आणि महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांना, १२ ते १६ वयाच्या, जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकऱ्या दोन वेळा देऊन बघितलं तर त्यांच्या रक्तातलं लोह सुधारलं. गोळी नाही, औषध नाही, रोजची भाकरी! आमच्या चाळीत किती मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघतं ते मी बघते म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

डोंबिवलीची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. रात्री हे सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. भाकरीचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले पगार कमी आहे हे अजूनही खटकतंय, पण जाऊ दे तिला. खारेपाटातले दादा, मुलीला पाटणचेरूला जायच्या आधी तुमचं शेत बघायचंय, लावणीच्या दिवसांत आली तर चालेल का? चिखलात उतरायची तयारी आहे म्हणते.

खारेपाटातला:
चालेल म्हणजे काय, जरूर पाठवा. लावणीला दोन हात कमीच असतात. वडिलांना सांगून ठेवतो, बांध पण दाखवतील.