खेळ म्हणजे टाइमपास? बालवाटिकेच्या ‘त्या’ पोस्टला उत्तर

सुरसागरकाठी
आपल्या वडोदऱ्याच्या पालकगटात काल एकाने बालवाटिकेबद्दल, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाबद्दल, लिहिलं : ‘बालवाटिकेची फी भरतो आणि मुलं ठोकळे रचत बसतात. वही कोरी, लेसन नाही. खेळायला घर आहे, शाळेत शिकवा.’ खाली अंगठ्यांची रांग. न राहवून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

ठोकळ्यांचंच घ्या. मूल आधी ते नुसते उचलून इकडून तिकडे नेतं, मग रांग लावतं, उतरंड रचतं, मग दोन खांबांवर एक आडवा टाकून पूल करतं, मग चारी बाजूंनी बंद वाडा. पुलाच्या खांबांमधलं अंतर आडव्या ठोकळ्यापेक्षा जास्त झालं की तो मधून पडतो. दोन-तीनदा पडला की मूल खांब सरकवतं. हे मोजमाप नाही तर काय? मात्र संच प्रमाणात कापलेला हवा : मूळ ठोकळा, त्याचा अर्धा, दुप्पट, चौपट. दोन अर्धे जोडले की एक होतो, हे मग हाताला कळतं. बादलीत येतात ते रंगीत प्लास्टिकचे तुकडे याला चालत नाहीत.

वेळही द्यावा लागतो. 20 मिनिटांच्या तासात पहिली दहा मिनिटं जागा आणि जोडीदार ठरवण्यात जातात, वाडा उभा राहतो तेव्हा घंटा. 45 मिनिटं सलग द्या. पाच मुलांच्या खेळाच्या कोपऱ्यात शंभरेक ठोकळे असू द्या, तीसच ठेवले तर शिकण्याऐवजी हाणामारी. आणि बाईंनी ‘वा छान’ म्हणून पुढे जाऊ नये. ‘हा खांब काढला तर काय होईल?’ असं विचारावं, उत्तर टिपून ठेवावं. वही कोरी नसते, ती बाईंकडे असते.

चाररेघी
वर्णन सुरेख. वर्ग कुठला? 40 मुलं, एक बाई, एक मावशी, दहा बाय पंधराची खोली. एनसीईआरटी 25 मुलांमागे एक शिक्षिका म्हणते, ते कागदावर. 40 जणांत पाच कोपरे मांडले की एका कोपऱ्यात आठ. तुमच्याच हिशोबाने आठांना दीडशेच्या वर ठोकळे. ठेवायचे कुठे, मोजायचे कोणी, आवरायचे कधी? मग होतं काय, कोपरे वाली-मीटिंगच्या, म्हणजे पालकसभेच्या, दिवशी सजतात आणि एरवी ‘फ्री प्ले’च्या नावाखाली बाई मोबाइलवर. पालक चिडतात ते यावर. त्यांना मूर्ख ठरवू नका.

अर्धी बॅच
40 ना एकदम कोपऱ्यांत सोडायचंच नाही. 20 मावशींबरोबर अंगणात, 20 आत, मग अदलाबदल. अंगण नसेल तर गच्ची, कठडा उंच असेल तरच. आवरायला फळीवर प्रत्येक ठोकळ्याच्या आकाराची बाह्यरेषा काढून चिकटवा, मुलं आपणहून जुळवून ठेवतात. तेही वर्गीकरणच. आणि सगळं विकत कशाला? चिंचोके, शिंपले, गुंजा, बांगड्यांचे तुकडे...

मांडवीचा मांजा
थांबा! गुंजा अजिबात नको. बी विषारी असते. अख्खी गिळली तर कवच टणक म्हणून कदाचित तशीच निघून जाते, पण चावली किंवा भोक पाडून माळेत ओवलेली असली की जीवावर बेततं. बांगड्यांच्या काचेबद्दल तर बोलतच नाही. चिंचोकेही नाकात जातात, देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या.

अर्धी बॅच
गुंजा मागे घेतो. काचही. आपली नजर तीक्ष्ण आहे, धन्यवाद.

चाररेघी
मूळ मुद्दा राहिलाच. खेळून वाचता येत नाही. बोलणं ऐकून ऐकून येतं, अक्षर आणि आवाज यांचं नातं मात्र कोणी तरी दाखवावं लागतं. ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, हे वाळूत खड्डा खणून कळत नाही.

सुरसागरकाठी
ते शिकवू नका असं म्हटलंय कुठे? 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच तोंडी भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन असे चार भाग रोज करायला सांगितलेत. शब्दओळख थेट शिकवायचीच आहे. पण 15 मिनिटं, आणि टाळ्या वाजवून : क-म-ळ, तीन टाळ्या. पानभर ‘क’ गिरवून नाही. आणि गुजरातेत 2023-24 पासून पहिलीला 1 जूनला सहा पूर्ण लागतात. हे वर्ष हातात मिळालंय, ते पहिलीची नक्कल करण्यात का घालवायचं?

चाररेघी
चला, ‘थेट शिकवायचं’ हे तोंडून निघालं एकदाचं. मग सांगा, कुठल्या लिपीत? घरी मराठी, शाळा इंग्रजी, आणि 2023 च्या कायद्याने पहिलीपासून गुजराती सक्तीचं. चार रेघांवर पोराने काय काढायचं?

मांडवीचा मांजा
आता खरं दुखणं निघालं! इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं. गुजरातीला शिरोरेघच नाही. इंग्रजीची सवय लागलेलं मूल मराठी अक्षरंही खाली टेकवतं आणि मग वरून रेघ ओढतं, ती निम्म्या अक्षरांना लागतच नाही. बाई म्हणतात, अक्षर वाईट. गुजरातीत तर ‘र’ आणि 2 चा आकडा जवळजवळ एकच, ‘प’ आणि 5 चाही तसाच. मूल ‘रमा’ला ‘दोन मा’ वाचतं आणि आपण हसतो.

खडू-फळा
हे सगळं घरी मराठी बोलत नाही म्हणून. दांडिया बाजारातली पोरं ‘मला पाणी जोईए’ म्हणतात. आधी घर सुधारा.

मांडवीचा मांजा
‘जोईए’ने काही बिघडत नाही हो. पाणी मागता आलं ना? लिपीचा प्रश्न वेगळा आहे, दोन्ही एका पिशवीत कोंबू नका.

खडू-फळा
बिघडत नाही?! बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाईंचं बालमंदिर भावनगरला 1920 पासून, गुजरातीतून. आणि आपण इंग्रजी बालगीतांवर पोरं नाचवतो.

चाररेघी
फोटोला हार घालून झाला असेल तर उत्तर द्या. लिपी कुठली?

अर्धी बॅच
एका वेळी एकच, आणि जी वर्षभर टिकणार ती. आधी वाळूच्या ताटात बोटाने : उभी रेघ, गोल, अर्धगोल, गाठ. मराठीला ग, म, भ, न असे सारख्या वळणाचे गट घ्या. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. आकडे मात्र एकाच रूपात ठेवा, तिन्ही लिप्यांत काढायला लावू नका. आकड्यांचा घोळ तसाही आहेच : मराठी-गुजरातीत ‘पंचवीस’, ‘पच्चीस’ म्हणताना पाच आधी येतो, म्हणून मूल 52 लिहितं. दहा-दहाच्या काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या समोर ठेवल्या की उलट लिहिणं कमी होतं.

सुरसागरकाठी
काड्यांच्या जुड्या. म्हणजे खेळच ना?

चाररेघी
म्हणा खेळ. माझा ‘ठोकळ्यांनी सगळं येतं’ला विरोध होता, आहे. काड्या मान्य. मळलेल्या पिठाचं मात्र सांगा, त्याचं फार कौतुक चालतं. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो, हाताला चिकटून मुलं रडतात.

अर्धी बॅच
दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, पाऊण वाटी पाणी, थोडं थोडं घालत. मीठ हवेतलं पाणी ओढतं म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गोळा सुटतो. तेव्हा पाणी अर्ध्या वाटीपासून सुरू करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर मैदा भुरभुरा. जाड मीठ घेऊ नका, खरखरतं आणि बोटाला चीर असेल तर झोंबतं. रंगाला हळद नको, गणवेशावरून निघत नाही. तोंडात घालू देऊ नका, मैदा कच्चा आणि मीठ फार.

चाररेघी
40 मुलांना किती लागेल?

अर्धी बॅच
20 ना. मी अर्धीच बॅच घेतो.