आजोबांना सशाचा रस्सा हवाय, पाळीव सशाचं मटण कसं करावं?

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. आजोबा ८६ वर्षांचे, सिन्नर तालुक्यातले. दिवाळीत पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. जेवण निम्म्यावर आलंय, चार घास खाऊन ताट बाजूला सारतात. गेल्या महिन्यात मात्र स्वतःहून म्हणाले, "पोरी, सशाचा रस्सा कर एकदा."

त्यांच्या तरुणपणी बाजरी निघाली की पोरं कुत्री घेऊन माळावर जायची, वाघूर म्हणजे सशाचं जाळं लावायची. ७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला जात. तेव्हा महिना-महिना मटण दिसायचं नाही, मिळाला तर एखादा ससा. आजी निखाऱ्यावर कांदा-खोबरं काळंभोर भाजून पाट्यावर वाटायची. ती चव त्यांच्या जिभेवर अजून आहे.

आधीच सांगते, रानातला ससा मला नकोय. गावाकडून एकाने निरोप धाडला होता, "रात्री बॅटरी घेऊन जातो, सकाळी आणून देतो." मी स्पष्ट नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा संरक्षित आहे. आधी तो अनुसूची ४ मध्ये होता, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा अनुसूची २ मध्ये गेला. मारणं, फासे लावणं तर गुन्हा आहेच, मटण घरात ठेवणंही गुन्हाच. पण नुसत्या कायद्यासाठी नाही म्हटलं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना आजोबांनीच मला सशाचं पिल्लू दाखवलं होतं. बीळ वगैरे काही नाही, गवताच्या बुंध्याशी नुसत्या खोलगट जागेत बसलेलं. अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि आम्ही हातभर अंतरावर असूनही हललं नाही. "हात लावू नको, आई येते संध्याकाळी पाजायला," म्हणाले. आता त्या माळावर प्लॉट पडलेत, सिन्नरवरून समृद्धी महामार्ग गेलाय. उरलेत ते ससे मला राहू द्यायचेत.

म्हणून एका फार्मवरून पाळीव सशाचं मटण आणलं, न्यूझीलंड व्हाइट जातीचं, साफ करून सव्वा किलो. बोकडाच्या मटणासारखं कुकरला लावलं, चार शिट्ट्या. उघडलं तर मांडीचे दोरे झालेले, पाठ कोरडी ठक्क. आजोबांनी एक तुकडा बराच वेळ चघळला, बोटांनी हाड चाचपलं आणि हळूच म्हणाले, "हे पांढरं आहे गं. कोंबडं आणलंस का?" मला फार वाईट वाटलं. खोटं बोलून भरवायचं नव्हतं, मी खरं सांगितलं.

रानससा दिवसभर दबून बसतो आणि जिवाच्या आकांताने पळतो, त्याचं मटण काळपट लाल. पाळलेला ससा जातच वेगळी, पिंजऱ्यात वाढलेला, मटण पांढरं आणि चरबी जवळजवळ नाहीच. हे आता कळलंय. ते मऊ आणि रसाळ कसं ठेवायचं? आणि तो गडद रस्सा जमेल का? कुणी घरी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आजोबांना दाढा नाहीत, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद:

ताई, कुकर विसरा. जाड बुडाचं पातेलं घ्या. पाठ आणि मागच्या मांड्या एकदम टाकू नका, तिथेच चूक होते. मांड्या आधी, झाकणावर पाणी ठेवून अगदी मंद आचेवर पाऊण-एक तास. पाठ शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. खाटकाकडून बोकडाची थोडी चरबी मागून घ्या, ती वितळवून त्यातच कांदा परता, मटणात नाही ते स्निग्ध तिथून येईल. आदल्या रात्री हळद, मीठ, आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेवा. सुऱ्याने सांध्यावर तोडा, सत्तूरने नको, हाडं बारीक असतात आणि कपच्या उडतात. आजोबांसाठी मांडीचं मटण हाडावरून सोडवून, बोटांनी चाचपून मगच वाढा. रंगासाठी खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजा, काळा मसाला नेहमीपेक्षा चमचाभर जास्त.

अपडेट, रविवार रात्र:

दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसंच केलं. कांदा-खोबरं गॅसवर जाळीवर भाजलं आणि शेजारच्या काकूंचा पाटा आणून वाटलं, मिक्सर टाळला. मांड्या सुटल्या, पाठ अजून जराशी कोरडी वाटली. आजोबांनी विचारलं, "तोच का फार्मवरचा?" हो म्हटलं. मटण दोनच घास खाल्लं, पण बाजरीची भाकरी कुस्करून दोन वाट्या रस्सा संपवला आणि वाटी पुढे केली. पाठ आणखी रसाळ करायला ती दह्यात ठेवावी की शिजायची वेळच कमी करावी? पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे.